हयातीचा दाखला दारात: पोस्टमनच्या घरी आलेला पोस्टमन

सेवा: पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन डिजिटल काढून देतो, ती. आम्ही २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं वडिलांसाठी घेतला. एका दाखल्याला करासकट ७० रुपये. घरी येण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि त्या बँकेत खातं असावं लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं गेला ते पुढे येईल.

आमचे आप्पा २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३४, म्हणजे वय ९१. खरी तारीख घरात कुणालाच माहीत नव्हती. त्या काळच्या मास्तरांनी निम्म्या गावाला १ जूनच दिलेला. तेराव्यानंतर कपाट आवरताना 'भारत सरकार सेवार्थ' छापलेला एक जुना खाकी लिफाफा सापडला. त्यात हयातीच्या दाखल्यांच्या सगळ्या प्रिंटा वर्षवार लावलेल्या. दर वर्षीच्या एका प्रिंटेच्या पाठीमागे निळ्या शाईनं दोन-तीन ओळी. तारीख, वेळ, आणि आलेल्या पोस्टमनबद्दल शेरा.

ते वाचून वाटलं, या सेवेबद्दल लिहायचा पहिला हक्क आप्पांचाच होता. सतरा वर्षं फौजेत आणि अठरा वर्षं सातारच्या पोस्टात बटवडा केलेला माणूस. त्यांचे शेरे मी खाली जसेच्या तसे देते, माझं म्हणणं त्यांच्या आजूबाजूला.

२०२०: "दि. २७/११. ११.४० ला आला. तोंडाला फडकं. लांब उभा राहिला. अंगठा सहाव्यांदा लागला. चिडला नाही."

आधी, हा दाखला घरी काढावा असं आम्हाला का वाटलं ते सांगते. आप्पांना दोन पेन्शनी. एक लष्कराची, एक पोस्टाची. पोस्टाची पेन्शन पोस्टातच जमा व्हायची, त्यामुळे तिथला दाखला म्हणजे त्यांचा सण होता. नोव्हेंबर उजाडला की इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, आणि गोडोलीहून चालत हेड पोस्ट ऑफिस. तिथं त्यांच्यासारखेच आठ-दहा जण यायचे. कोण आला, कोण नाही आला, हे तिथं कळायचं. यायला दुपार व्हायची. आल्यावर आई विचारायची, "झाली का सही?" आणि आप्पा सहीचं काहीच न सांगता माणसांचं सांगत बसायचे. सॉर्टिंगला असणाऱ्या अमक्याला ऐकू येत नाही आता, तमका मुलाकडे पुण्याला गेला.

लष्कराच्या पेन्शनीचं वेगळं होतं. ती एका बँकेत. २०१८ साली, गुडघा धरल्यावर, मी त्यांना रिक्षानं तिथं घेऊन गेले. तासभर रांग. खिडकीपाशी पोचल्यावर आतल्या माणसानं सही बघितली आणि सांगितलं, जुळत नाही, पुन्हा करा. ८४ वर्षांचा हात. दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी आली, तिसरी त्याहून. शेवटी साहेबांची वाट बघत बाकावर बसलो. आप्पा रागावले नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "मी समोर हुबा हुतो की गं. माणूस सोडून कागदाला इचारत्यात." घरी येईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतर २०२० आलं. म्हाताऱ्या माणसाला दाराबाहेर न्यायची सोय नव्हती. त्याच नोव्हेंबरात पोस्टानं ही घरपोच सेवा सुरू केली. जीवन प्रमाण म्हणजे डिजिटल दाखला २०१४ पासून होता, पण त्यासाठी बहुतेकांना कुठंतरी केंद्रावर जावं लागायचं. आता पोस्टमन मोबाइल आणि बोटाचं ते छोटं यंत्र घेऊन घरी येणार होता. मी आमच्या गल्लीत टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनलाच विचारलं. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी येतो म्हणाले. 'पोस्टइन्फो' या ॲपवरूनही तेव्हा मागणी नोंदवता यायची, पण आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागात टपाल वाटणाऱ्या, पोस्टमनला सांगणं हा माझ्या अनुभवातला सगळ्यात सरळ रस्ता.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी सकाळी दाढी केली. खुर्ची दाराजवळ ओढून घेतली. शेजारी स्टुलावर तांब्या आणि पेला. मी म्हटलं, "आप्पा, करोना आहे, तो आपल्या घरचं पाणी घेणार नाही." तर म्हणाले, "घेवो न घेवो, इचारायचं असतं." चिमणपुऱ्यातल्या कुठल्या घरी उन्हाळ्यात पाणी विचारायचे आणि कुठल्या घरी कधीच विचारलं नाही, हे त्यांना तीस वर्षांनीही पाठ होतं.

पोस्टमन आला तसे आप्पा उठून उभे राहिले. गुडघ्याला हात देऊन, पण उभे. तो म्हणत होता, "आजोबा, बसा ना." हे बसेनात. शेवटी तोच दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "मी उभाच असणार आहे, तुम्ही बसलात तर मला यंत्र धरता येईल." मग बसले. सेवेचा कस इथं लागतो, असं मला वाटतं. मोबाइल, यंत्र, ओटीपी हे सगळीकडे सारखंच. समोरच्या म्हाताऱ्याला कसं बसवायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातून दाखला नीट निघतो.

माहिती भरायला पाच-सात मिनिटं लागली. आधार क्रमांक, मोबाइल, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर), पेन्शन कुठल्या खात्यावर येते, मंजूर कुणी केली, देतं कोण. मग तो थोडा थांबला आणि त्यानं विचारलं, "आजोबा, पुन्हा कुठं नोकरीला लागलाय का? फॉर्मात आहे म्हणून विचारतो."

आप्पा म्हणाले, "लागलो हुतो."

"कधी?"

"चव्याहत्तर साली. पोस्टात. तुज्याच कामावर."

त्या पोराला माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, आजोबा नुसते फौजी. मोबाइल तसाच हातात धरून तो विचारू लागला, कुठली बीट, किती वर्षं, सायकल कुठली. प्रश्न आता नोकरीत आहात का एवढाच असतो, त्यामुळे उत्तर 'नाही' भरायचं होतं. ते त्यानं भरलं आणि पुन्हा गप्पांना लागला. आप्पांची बीट मंगळवार पेठ, चिमणपुरा आणि पुढे बोगद्यापर्यंत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडची चढाची घरं सायकल हातात धरूनच करावी लागायची. पावसाळ्यात पत्रं मेणकापडात गुंडाळून छातीशी, आणि स्वतः भिजत. हे सगळं मी लहानपणी बघितलेलं. मी बारा वर्षांची होते तेव्हा खाकी कपडे घरी आले, आणि आईनं ते निरखून बघितल्याचं आठवतं: हिरव्याच्या जागी खाकी, एवढाच फरक, आता माणूस रोज संध्याकाळी घरी येणार.

त्याआधी घरात माणूस नसायचा, पत्ता असायचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी लष्करी पोस्ट ऑफिसचा आकडा, ९९ एपीओ. गावाचं नाव नाही, राज्याचं नाही. पूर्वेकडच्या फौजेचं टपाल ९९ एपीओवर जायचं, पश्चिमेकडचं ५६ एपीओवर. आईला त्या आकड्यांवरून एवढंच कळायचं की माणूस पूर्वेला आहे. १९७१ च्या डिसेंबरात आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला होते. आईची पत्रं त्या आकड्यावर जात राहिली.

जमालपूरच्या रात्रीबद्दल आप्पा फारसं बोलायचे नाहीत. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री शत्रूनं वेढा फोडायचा प्रयत्न केला, गोळीबार पहाटेपर्यंत चालला, एवढंच. सांगायचे ती गोष्ट त्याच्या आधीच्या दिवसाची. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नलला शरण येण्याबद्दल पत्र लिहिलं. ते पत्र घेऊन मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या दलाचा, एक माणूस पांढरं निशाण धरून शत्रूच्या ठाण्यात गेला. उत्तर घेऊन परत आला तेव्हा उत्तराच्या कागदात एक बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. ही गोष्ट लष्कराच्या इतिहासात नोंदलेली आहे, आणि सांगणारे बहुतेक जण त्या गोळीवर थांबतात. आप्पा त्या माणसावर थांबायचे. "ब्रिगेडियरनं लिवलं, कर्नलनं लिवलं. पर नेलं कुनी? आनि आनलं कुनी?" त्याला तिथं मारलंही असतं. पत्रात काय आहे हे त्याला कदाचित माहीतही नसेल. तरी तो उत्तर घेऊन परत आला, हे आप्पांना लढाईइतकंच मोठं वाटायचं. पोस्टात लागल्यावर ही गोष्ट ते जास्तच सांगायला लागले.

तर अंगठा. अंगठा लागेना. यंत्रावर ठेवला, लाल दिवा. दुसरा हात, लाल. पोस्टमननं ओल्या फडक्यानं पुसून घेतला, हात चोळून गरम करायला सांगितलं, पुन्हा लाल. वयानं कातडी झिजते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात. यंत्राचा दोष नाही. पण आप्पांना ते सहन होईना. कारण अंगठा घेणं हे त्यांचंच काम होतं.

मनिऑर्डर आली की फॉर्मवर सही, आणि लिहिता येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा व साक्षीदाराची सही. त्यांच्या पिशवीत शाईचा पॅड कायम. म्हाताऱ्या बायकांचा अंगठा ते स्वतः धरायचे. हे त्या दिवशी ते पोस्टमनला शिकवू लागले: "वरनं दाबू नगंस. डावीकडनं उजवीकडं हळू लोळव. मग समद्या रेघा उठत्यात." तो बिचारा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आजोबा, शाईला तसंच. हे यंत्र मात्र लोळवलं की बिघडतं, याला सपाट लागतो." आप्पांनी मान हलवली, सपाट ठेवला. सहाव्या खेपेला हिरवा दिवा लागला. 'चिडला नाही' हा शेरा त्याबद्दलचा आहे. आप्पांच्या लेखी हे मोठं प्रशस्तिपत्र.

मनिऑर्डरीचा विषय निघाला की ते हमखास १९८२ वर जायचे. साताऱ्याच्या पेठांमधून आणि आजूबाजूच्या गावांमधून घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत, आणि घर चालायचं त्याच्या मनिऑर्डरीवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिल्या एक-दोन महिन्यांत फरक पडला नाही, कुणी साठवलेलं पाठवलं, कुणी उसनं घेऊन पाठवलं. उन्हाळ्यापर्यंत आप्पांची पिशवी हलकी झाली. ज्या दारात बाई वाट बघत उभी असायची, त्या दारावरून सायकल न थांबवता पुढे जायचं. ते म्हणायचे, तिनं विचारलं नसतं तर बरं, पण ती विचारायची. "आलंय का काय?" वर्षभर रोज 'नाही' सांगितल्यावर त्यांनी काही दारांवरून जायचा रस्ता बदलला, मागच्या बोळानं जायला लागले. ही गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, आणि सांगताना त्यांना त्याची लाज वाटत होती. मला त्यांची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगते. पेन्शनी दोन, पण मी पोस्टमनपुढे पोस्टाचाच पीपीओ ठेवला. आधार एक, माणूस एक, म्हणजे दाखला एकच पुरेल असं धरून चालले. तसं नाही. प्रत्येक पीपीओचा दाखला वेगळा काढावा लागतो. हे कळेपर्यंत पुन्हा बोलवावं लागलं, आणि पोस्टमन कुरकुर न करता पुन्हा आला. लष्कराची पेन्शन पुढे 'स्पर्श' या नव्या व्यवस्थेत गेली तेव्हा पीपीओ नंबरही नवा मिळाला. जुना नंबर देऊन दाखला काढला तर उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

२०२१: "पाणी घेतलं. मोटारसायकल आहे. पाठीवरची पिशवी हलकी दिसली."

२०२२: "१०.१५ ला आला. बटवडा व्हायचा होता. पुढच्या वेळी बटवडा करून ये म्हणून सांगितलं."

हा २०२२ चा शेरा वाचून मला ते दृश्य जसंच्या तसं आठवलं. आप्पांनी त्याला दारातच विचारलं, पिशवी भरलेली दिसते, वाटलं नाहीस का अजून? तो म्हणाला, आधी म्हातारी माणसं करून घेतो, ऊन वाढायच्या आत. आप्पांना ते पटलं नाही. माझा दाखला थांबेल, लोकांचं टपाल थांबू नये, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र त्या मुलाचं पटलं होतं. या एका बाबतीत मी आप्पांच्या शेऱ्याशी सहमत नाही. ८० च्या वरच्या माणसाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा सकाळी मोकळं केलेलं बरं. ते बाथरूमलाही जायचे नाहीत, तो येईल म्हणून.

२०२३: "अंगठा नको. तोंड बघून झालं."

चेहरा ओळखून दाखला काढण्याची सोय केंद्र सरकारनं २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस आणली. आमच्याकडे ती पहिल्यांदा २०२३ मध्ये वापरली. बोटं झिजलेल्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. मोबाइल चेहऱ्यासमोर धरतात, स्क्रीनवर गोल येतो, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. मोबाइलसमोर नुसता फोटो धरून कुणी फसवू नये म्हणून. आता आप्पांना समोर कुणी यंत्र धरलं की सावधान. छाती पुढे, हनुवटी वर, नजर समोर. पापणी हलेना. पोस्टमन सांगतोय, "डोळे मिटा, उघडा," आणि हे नजर रोखून बसलेले. तेव्हा आई आतून आली आणि म्हणाली, "अहो, इश्राम." आप्पांनी खांदे सोडले, डोळे मिटले, उघडले, आणि दाखला झाला. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली असतानाही पहिल्याच खेपेला झाला. तुमच्या घरी चष्मा, टोपी, पाठीमागून येणारा उजेड असेल तर तेवढं आधी बघून ठेवा. दाराकडे पाठ करून बसवू नका.

दाखला निघाला की मोबाइलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश येतो. बरेच जण इथंच निश्चिंत होतात. तो संदेश म्हणजे दाखला तयार झाला एवढंच. पेन्शन देणाऱ्या कार्यालयानं तो स्वीकारला की नाही हे नंतर जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर बघावं लागतं. मी आठवड्यानं बघायचे. ८० पूर्ण झालेल्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात. हे फार घरांत माहीत नसतं, आणि मग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम पोस्टमनच्या मागे लागतात. आम्ही २०२१ पासून ऑक्टोबरात करायला लागलो. आणखी एक, वय वाढेल तशी पेन्शनही वाढते, मूळ पेन्शनीच्या हिशेबानं: ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला दुप्पट. आप्पांची ही वाढ जून २०२४ मध्ये ३० वरून ४० टक्क्यांवर गेली. त्यांनी त्या पैशातून आईसाठी कानाचं यंत्र घेतलं.

आता तो अर्धा गुण.

ही सेवा घरी आल्यापासून आप्पांचा नोव्हेंबर गेला. हेड पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांवर जमणारे ते आठ-दहा जणही आपापल्या घरी बसून दाखला देऊ लागले. हे कुणाच्या चुकीनं झालं नाही. गुडघे गेलेल्या माणसाला रांगेत उभं करावं असं मी म्हणणारच नाही. पण कोण आला, कोण नाही आला, हे कळायची जागा राहिली नाही. २०२१ साली सॉर्टिंगचे त्यांचे एक जोडीदार गेले, ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं. आधी हे नोव्हेंबरात, पायऱ्यांवर कळलं असतं. पोस्टानं निवृत्त माणसांना वर्षातून एक दिवस त्या आवारात बोलवावं, दाखल्यासाठी नव्हे, नुसतं भेटायला. जमेल त्यानं यावं. एवढं झालं असतं तर मी पाचच्या पाच दिले असते.

२०२४: "मुलगी आली. उन्हाची आली. पायातलं बाहेर काढलं. माझं पूर्ण नाव वाचलं, मधलं सुद्धा."

त्या वर्षी आमच्या बीटवर बदलून एक मुलगी आली होती. वय पंचवीस-सव्वीस. आप्पांना आधी वाटलं, पोस्टमनची मुलगी निरोप घेऊन आली आहे. मग तिच्या खांद्याची पिशवी बघितली. तिनं आधारवरचं नाव मोठ्यानं वाचलं, त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. आप्पा अठरा वर्षं लोकांची नावं अशीच पूर्ण वाचायचे. ते म्हणायचे, एका गल्लीत एकाच नावाची चार माणसं असतात, मधलं नाव वाचलं नाही तर रजिस्टर भलत्याच्या हातात जातं. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं ते काम. आप्पा पोस्टात लागले तेव्हा लोक पत्त्यावर तो लिहायचेच नाहीत, मग तो लिहा म्हणून आप्पाच घरोघरी सांगत फिरायचे. सांगताना एक गोष्ट ते अभिमानानं जोडायचे: पिनकोडात फौजेसाठी पहिला आकडा ९ आणि आपल्याकडचा ४, म्हणजे आपण नवातनं चारात आलोय. पण आकड्यानं पत्र गावापर्यंत येतं, दारापर्यंत आणायचं तर मधलं नावच लागतं, असं त्यांचं ठाम मत. मुलीनं मधलं नाव वाचलं आणि आप्पा तिच्यावर खूश झाले.

तो त्यांचा शेवटचा दाखला. ऑगस्टमध्ये आप्पा गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. बातमी वाचून मी नेहमीसारखी आतल्या खोलीकडे वळले होते, त्यांना सांगायला.

आता आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं आहे, म्हणून या नोव्हेंबरात तिच्यासाठी तीच सेवा मागवली. तीच मुलगी आली. तांब्या-पेला स्टुलावर होता, आईनंच ठेवलेला. मुलीनं पाणी घेतलं, आप्पांच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि खाली बसली. आधार, मोबाइल, नवा पीपीओ. मी तिच्या शेजारी बसून स्क्रीन बघत होते. एका ठिकाणी पुनर्विवाह झाला आहे का असा प्रश्न येतो. तो सगळ्यांनाच असतो, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला तो विचारावाच लागतो. ८५ वर्षांच्या बाईपुढे, नवरा जाऊन तीन महिने झालेले असताना. आत्तापर्यंतचा एकेक प्रश्न मोठ्यानं वाचणारी ती मुलगी तिथं गप्प झाली. वर मान न करता तिनं 'नाही'वर बोट ठेवलं आणि पुढे गेली. मग म्हणाली, "आजी, इकडं बघा. आता डोळे मिटा."

आईनं डोळे मिटले, उघडले. पहिल्याच खेपेला झालं.

दोन पीपीओंचे १४० रुपये दिले, मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी मी प्रिंटा काढून आणल्या. आईनं त्या हातात घेतल्या, उलटून पाठ बघितली, कोरी होती. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. प्रिंट माझ्यापुढे धरून म्हणाली, "लिही."

"काय लिहू?"

"आधी तारीख. मग किती वाजता आली ते."

मी लिहिलं. ११.२०.

"पाणी घेतलं, लिही. आणि एक प्रश्न वाचला नाही, तेही लिही."